पडद्यावरचा चेंडू आणि पुळणीवरचा टप्पा

फलंदाजी शिकवणाऱ्या डिस्कमध्ये चेंडू फार आज्ञाधारक असतो. कव्हर ड्राइव्हचा धडा सुरू झाला की तो ऑफ स्टंपच्या जरासा बाहेर, अगदी पुढ्यात पडतो. पुलचा धडा आला की आखूड टप्प्यावर आपटून मुकाट्याने कमरेच्या वर उठतो. फलंदाजाला काय येणार हे आधीच ठाऊक असतं, कारण मशीनने किंवा प्रशिक्षकाने तो चेंडू त्याच फटक्यासाठी सोडलेला असतो. यात लबाडी काही नाही. फटक्याचा आकार दाखवायचा तर असंच करावं लागतं. पण शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी एवढं मनाशी बांधून घ्यावं की डिस्कवरून फटका शिकता येतो, चेंडू निवडणं शिकता येत नाही. हे ज्याला उमगत नाही तो घरी आरशापुढे देखणा खेळतो आणि शिमग्यानंतरच्या स्पर्धेत मिड ऑनला सोपा झेल देऊन परत येतो.

तरीही डिस्क टाकून द्यायची वस्तू नव्हे, आणि कोकणात तर नव्हेच. नेट लावलेली टर्फ विकेट आणि रोज उभा राहणारा प्रशिक्षक ही जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावातली चैन आहे. वाडीत असतो तो टेनिसचा चेंडू, कातळावर ओतलेली सिमेंटची पट्टी आणि मे महिन्यात मुंबईहून येणारे चाकरमानी भाऊ. अशा ठिकाणी नव्वदीच्या अखेरीपासून घराघरांत आलेल्या व्हीसीडीने आणि मागाहून डीव्हीडीने एक गोष्ट दिली, ती म्हणजे क्रम. पकड, उभं राहणं, बॅट मागे नेणं, पुढच्या पायाचा बचाव, मग ड्राइव्ह, मग मागचा पाय, मग आडव्या बॅटचे फटके. एकच शिकवणारा, एकच पद्धत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आज मोबाईलवर अर्ध्या मिनिटाला नवी युक्ती सांगणारा नवा गुरू मिळतो. त्यातल्या प्रत्येकाचं म्हणणं खरं असूनही सगळ्यांचं मिळून काही शिक्षण होत नाही. कपाटात जुनी डिस्क पडली असेल तर ती काढावी. प्लेअर बिघडला असेल तर संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालावी.

आधी या चित्राची कुवत समजून घेऊ. आपल्याकडची व्हीसीडी सेकंदाला 25 चित्रं दाखवते आणि प्रत्येक चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचं असतं. डीव्हीडीत चित्रं तितकीच, पण ठिपके 720 गुणिले 576. आता बाजूने अख्खी 22 यार्डांची खेळपट्टी दाखवली, तर व्हीसीडीवर सव्वासात सेंटिमीटर व्यासाचा चेंडू जेमतेम एक-दोन ठिपक्यांचा उरतो. ताशी 120 किलोमीटर वेगाचा चेंडू एका चित्रातून दुसऱ्या चित्रात सव्वा मीटरहून जास्त सरकतो. बॅटचं टोक जोरदार फटक्यात ताशी 100 च्या वेगाने फिरत असेल तर तेही तेवढ्या वेळात मीटरभर पुढे जातं. आणि चेंडू बॅटला चिकटून राहतो तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे ज्या क्षणासाठी आपण पॉज दाबतो तो क्षण डिस्कवर बहुतेक वेळा नसतोच. एका चित्रात चेंडू बॅटच्या अलीकडे, पुढच्यात तो कव्हरकडे निघालेला. यावरून ‘बॅट आधीच फिरली’ किंवा ‘मनगट इथे वळलं’ असे निष्कर्ष काढणारे कोळ्याच्या जाळ्यातून वारा पकडू पाहतात.

रिमोटवरचं स्लो बटणही असंच फसवं. ते तीच 25 चित्रं जास्त वेळ रोखून धरतं, नवीन काही दाखवत नाही. मूळ चित्रीकरणच वेगवान कॅमेऱ्याने केलेलं असेल तर मात्र संथ गतीत खरा ऐवज असतो. फरक ओळखायला सोपा आहे. बॅटचं पातं गुळगुळीत सरकलं तर चित्रीकरण खरं संथ, आणि घड्याळाच्या काट्यासारखं टक टक उड्या मारत गेलं तर ते बटणाने ताणलेलं. पहिल्या प्रकारात मनगटं आणि पात्याचा कोन पाहावा. दुसऱ्यात डोकं, खांदा, पाय एवढंच पाहावं, कारण हे अवयव सावकाश हलतात आणि 25 चित्रांत नीट सापडतात.

संगणकावर व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम असेल तर कीबोर्डवरचं ‘ई’ अक्षर दाबलं की एकेक चित्र पुढे जातं आणि चौकटी कंसाच्या कळांनी वेग थोडा थोडा कमी-जास्त होतो. डावखुऱ्यांसाठी एक मोठी सोय याच ठिकाणी आहे. व्हिडिओ इफेक्ट्समध्ये भूमितीच्या पानावर चित्र आडवं उलटवता येतं. उजव्या हाताचा शिक्षक क्षणात डावखुरा होतो. डावखुऱ्या मुलाने मनातल्या मनात सगळं उलटं करत बसण्यात डोकं शिणतं, आणि शिणलेलं डोकं पाय हलवत नाही.

डिस्क पाहायची कशी? एकदा आवाजासकट, सलग, काहीही न लिहिता. मग आवाज बंद. निवेदक ‘कोपर उंच’ म्हणाला की आपले डोळे कोपराकडेच जातात आणि डोकं आधी हललं होतं हे निसटतं. आवाज बंद करून एका वेळी एकच अवयव बघावा. पहिल्या फेरीत फक्त डोकं. दुसऱ्या फेरीत पुढचं पाऊल, तिसरीत वरचा हात. एका फटक्याला चार ठिकाणी थांबावं. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताना, पुढचं पाऊल टेकताना, चेंडू बॅटजवळ असताना आणि फटका संपल्यावर. या चार चित्रांत डोकं कुठून कुठे गेलं ते पडद्यावर पेन्सिलीची मागची बाजू टेकवून मोजलं तरी चालतं. चांगल्या फलंदाजाचं डोकं पहिल्या आणि दुसऱ्या चित्रांच्या मध्ये पुढे जातं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये ते जवळपास हलत नाही. सगळा ड्राइव्ह या एका गोष्टीवर उभा आहे.

कॅमेरा कुठे आहे हेही लक्षात ठेवावं लागतं. गोलंदाजाच्या मागून लांबून झूम केलेल्या चित्रात खोली चपटी होते. अडीच-तीन फुटांचं पाऊल वीतभर वाटतं, आणि ते पाहून शिकणारा तसंच वीतभर पाऊल टाकतो. समोरच्या चित्रातून दिशा शिकावी, म्हणजे डोकं कुठल्या स्टंपच्या रेषेत आहे, पाय त्या रेषेला आडवा जातो का, बॅट सरळ खाली येते का. पाऊल किती पडलं आणि चेंडू डोळ्यांखाली आला का हे फक्त बाजूच्या चित्रातून कळतं. डिस्कवर दोन्ही कोन नसतील तर तो फटका तिथून अर्धाच शिकल्याचं मानावं.

पकडीचा धडा मुलं घाईने पुढे ढकलतात, आणि पुढे महिनाभर चुकत राहतात त्या जवळपास सगळ्या चुकांचं मूळ तिथेच असतं. बॅट तोंडावर जमिनीवर ठेवावी आणि कुऱ्हाड उचलावी तशी दोन्ही हातांनी उचलावी. दोन्ही हातांचे अंगठा आणि तर्जनी यांच्यातले ‘व्ही’ एका रेषेत यायला हवेत, आणि ती रेषा हँडलच्या मागच्या बाजूला, मधला कणा आणि बाहेरची कड यांच्या दरम्यान पडावी. हात एकमेकांना लागून. वरचा हात घट्ट. खालच्या हाताचा जोर अंगठा आणि दोन बोटांत असावा, तळव्यात नसावा. खालचा तळवा हँडलला लपेटला की बॅट सरळ येतच नाही, आडवा पट्टा फिरतो आणि चेंडू पात्याच्या आतल्या बाजूला लागून हवेत जातो. तपासायचं असेल तर खालचा हात सोडून नुसत्या वरच्या हाताने बॅट सरळ पुढे आणून पाहावी. मनगट लगेच दुखलं किंवा पातं लेगकडे वळलं तर व्ही चुकला आहे.

पण इथेच सावध राहायचं. डिस्कमधला खेळाडू जसा धरतो तशीच बॅट धरायची, हा हट्ट करू नये. सचिन तेंडुलकर यांची पकड हँडलवर बरीच खाली होती, कारण लहानपणी त्यांनी मोठ्या भावाची जड बॅट वापरली. त्यांना घडवणारे रमाकांत आचरेकर मूळचे मालवणचे. ती पकड त्यांच्या शिष्याला शोभली म्हणून ती सगळ्यांना शोभेल असं नाही. ब्रॅडमन बॅट सरळ मागे न नेता स्लिपच्या दिशेने उचलत. वेस्ट इंडीजचे चंद्रपॉल तर जवळपास गोलंदाजाकडे तोंड करून उभे राहत. सुरुवातीला असे हजार मार्ग आहेत. चेंडू बॅटवर येण्याच्या सुमारास मात्र या सगळ्यांची डोकी स्थिर, डोळे समपातळीत आणि वजन चेंडूच्या दिशेने असतं. डिस्कमधून हे सामाईक उचलावं, लकबी सोडून द्याव्या.

संथ चित्र पाहून शिकण्याचा सगळ्यात मोठा तोटा बॅकलिफ्टमध्ये, म्हणजे बॅट मागे उचलण्यात दिसतो. संथ गतीत बॅट वर जाणं, थांबणं, पाय निघणं, बॅट खाली येणं हे चार वेगळे टप्पे वाटतात. शिकणारा ते तसेच तोडून करतो. बॅट वर नेऊन गोठतो, आणि चेंडू आला की घाईघाईने खाली आणतो. प्रत्यक्षात गोलंदाजाचा हात वर येतो तेव्हा बॅट वर निघालेली असते आणि चेंडू सुटेपर्यंत ती तयार असते. पाय आणि बॅट यांची हालचाल एकमेकांत मिसळलेली असते. म्हणून नियम असा ठेवावा की पाहायचं संथ आणि करायचं पूर्ण वेगाने. पडद्यावर तोच फटका मूळ वेगात पुन्हा पुन्हा फिरू द्यावा आणि शेजारी उभं राहून त्याच्याबरोबर बॅट फिरवावी. चार-पाच फेऱ्यांत ताल अंगात उतरतो.

पुढच्या पायाच्या बचावात काय बिघडतं ते पाहू, कारण ड्राइव्हही यातूनच जन्मतो. आधी डोकं आणि पुढचा खांदा चेंडूकडे झुकतो, पाऊल त्याच्या मागून जातं. आधी पाऊल टाकलं तर डोकं मागे राहतं, चेंडू डोळ्यांपुढे दूर लागतो आणि वर उडतो. पाऊल चेंडूच्या रेषेच्या किंचित आत पडावं, म्हणजे बॅटला खाली यायला वाट राहते. रेषेवरच पडलं तर पाय आडवा येतो, बॅट पायाला वळसा घालते आणि एलबीडब्ल्यू ठरलेला. फार आत पडलं तर बॅट आणि पॅड यांच्यामध्ये दार उघडतं. गुडघा वाकलेला, त्याच्यावर डोकं. चेंडूला भेटताना हँडल पात्याच्या पुढे हवं, म्हणजे पातं जमिनीकडे झुकतं. खालचा हात सैल. चेंडू पायाशी मरून पडला तर बचाव जमला. तो तीन-चार मीटर पुढे सिली पॉइंटकडे उडत गेला तर खालच्या हाताने ढकललं. ड्राइव्हला यात फक्त दोन गोष्टी वाढतात. बॅट थोडी उंच जाते आणि चेंडूतून पुढे निघते. कव्हर ड्राइव्हसाठी पुढचा खांदा आणि पाऊल दोन्ही एक्स्ट्रा कव्हरकडे रोखलेले असतात. पाऊल सरळ आणि हात कव्हरकडे असं झालं की पातं उघडतं आणि चेंडू स्लिपच्या हातात जातो.

बॅटच्या कडांबद्दल थोडं विषयांतर. जुन्या डिस्कमधल्या बॅटा आजच्या मानाने सडपातळ दिसतात. 2017 पासून नियमाने कड 40 मिलिमीटर आणि पात्याची जाडी 67 मिलिमीटरपर्यंतच ठेवता येते, म्हणजे मर्यादा घालावी लागली इतक्या त्या फुगल्या होत्या. सडपातळ बॅटने मध्यावर मारल्याशिवाय भागत नसे. म्हणून जुन्या चित्रफिती तंत्रासाठी अधिक प्रामाणिक वाटतात, आणि हे निव्वळ जुन्याचं कौतुक नव्हे.

आता खरी अडचण. डिस्कमध्ये सीझन बॉल, म्हणजे कातड्याचा कठीण चेंडू, आणि टर्फ, आणि आपल्या हातात टेनिसचा चेंडू. सीझन बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा, लॉन टेनिसचा साठ ग्रॅमच्याही आतला. गल्लीतला हार्ड टेनिस त्याहून जड, पण सीझनच्या जवळपासही नाही. हलका चेंडू हवेत लवकर मंदावतो, सिमेंटवर ताडकन उठतो आणि टप्प्यानंतर आणखी रेंगाळतो. त्यामुळे डिस्कवरून शिकलेला पुल टेनिसवर लवकर खेळला जातो. बॅट आधी निघून जाते, चेंडू वरच्या कडेला लागतो आणि कीपरच्या डोक्यावर उंच चढतो. उपाय सोपा आहे. चेंडू जमिनीला लागला की मोठ्याने ‘टप्पा’ म्हणायचं आणि बॅट लागताना ‘हाण’. दोन शब्दांमधलं अंतर सीझन बॉलला लहान, टेनिसला लांब. कान ते अंतर शिकतात आणि बॅट थांबायला शिकते. बाकी पुलचं शरीर तेच राहतं. मागचा पाय मागे आणि जरासा ऑफकडे, पुढचा पाय लेगकडे उघडून छाती चेंडूसमोर, हात लांब, बॅट उंचावरून खाली आणि शेवटी मनगट वळवून. खांद्याच्या वर आलेल्या टेनिस चेंडूला मात्र हा फटका लावू नये. तो तिथे खाली दाबता येत नाही.

कटचं तसंच. ऑफच्या बाहेर आखूड चेंडूला मागचा पाय पॉइंटच्या रोखाने आडवा जातो, हात पूर्ण उघडतात. शरीराला चिकटून आलेल्या चेंडूला कट मारणं ही टेनिस क्रिकेटमधली सर्रास चूक आहे, कारण उसळी बघून मुलांना चेंडू आखूड वाटतो. उसळी आणि टप्पा या वेगळ्या गोष्टी आहेत. सिमेंटवर गुड लेंग्थचा चेंडूसुद्धा छातीला येतो.

या बाबतीत कोकणाची जमीन स्वतःच अर्धी शाळा आहे, फक्त तिचे वर्ग वेगवेगळ्या ठिकाणी भरतात. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीचा, कातळ आणि सिमेंटची पट्टी मागच्या पायाचे धडे देतात. काथ्याच्या मॅटिंगवर उसळी उंच पण एकसारखी मिळते, म्हणून सरळ बॅटने मागच्या पायावर खेळायला त्याहून चांगलं काही नाही. भात कापल्यावरचं शेत असमान असतं, तिथे पुढच्या पायाचा बचाव घोटावा आणि आडव्या बॅटची हौस सोडावी. आणि पुढच्या पायाची खरी जागा म्हणजे पुळण, समुद्रकाठची वाळू.

ओल्या, घट्ट वाळूवर टेनिसचा किंवा रबरी चेंडू फारसा उठत नाही, सरपटत येतो. मागच्या पायावर राहिलं की बोल्ड. म्हणून ड्राइव्ह, स्वीप आणि बचाव तिथे शिकावे. सीझन बॉल आणि चांगली बॅट मात्र तिथे नेऊ नये, खारं पाणी दोन्हींचा सत्यानाश करतं. वेळ तिथीवरून काढता येते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, आणि तिथून साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास. अष्टमीला भरतीच सहाला, मग खेळायला जागा उरत नाही. हा अंदाज आहे, तास-अर्धा तास इकडे-तिकडे होतो. पण त्यावरून कळतं की त्रयोदशी ते प्रतिपदा, दोन्ही पक्षांत, संध्याकाळ पुळणीवर घालवावी. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणीही सगळ्यात दूर जातं आणि घट्ट वाळूचा पट्टा रुंद मिळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कातळ बरा.

पुळणीचा दुसरा उपयोग कुठल्याही डिस्कमध्ये नाही. ओली वाळू पाऊल छापून ठेवते. चुन्याऐवजी काठीने क्रीज आखावी आणि चेंडू येणार त्या ऑफ स्टंपच्या रेषेवर सुंभ ताणावा. अनवाणी उभं राहून पाच-सहा ड्राइव्ह खेळावे आणि मग बॅट बाजूला ठेवून ठसे वाचावे. उभं राहताना दोन्ही पावलांत फूट-सव्वाफुटाचं अंतर, आणि ठसा चवड्याकडे जास्त खोल. टाचा खोल असतील तर वजन मागे आहे. पुढच्या पावलाचा ठसा सुंभाच्या किती आत आहे, बोटं कुठे रोखली आहेत, ते पाहावं. ठसा पुढे घसरलेला असेल तर पाऊल लांब पडलं आणि डोकं मागे राहिलं. लांब पाऊल म्हणजे चांगलं पाऊल हा समज डिस्क पाहून होतो. गुडघ्यावर डोकं येईल इतकंच पाऊल हवं. मागच्या पायाची फक्त चवड्याची आतली बाजू उमटलेली असावी. तिथे वाळू गोल फिरलेली दिसली, तर कंबर उघडून बॅट लेगकडे ओढली गेली आहे. फटका कितीही गोड लागला असला तरी. ठसे पुसून पुन्हा सहा.

चेंडू निवडणं कसं शिकायचं, हा प्रश्न इथवर टाळला. 2000 साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या संशोधकांनी फलंदाजांच्या नजरेचा माग कॅमेऱ्याने काढला. फलंदाज चेंडूवर सतत डोळा ठेवत नाही. हातून सुटताना तो पाहतो, मग त्याची नजर उडी मारून चेंडू जिथे पडेल असं वाटतं तिथे आधीच जाऊन थांबते, आणि टप्प्यानंतर पुन्हा थोडा वेळ चेंडूच्या मागे जाते. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. डिस्कवर हे शिकता येणं शक्यच नाही, कारण तिथे आपण चेंडूच्या बाजूला बसलेलो असतो, त्याच्या समोर नसतो.

म्हणून रोजच्या सरावाचा निम्मा वेळ फेकणाऱ्यावर खर्च करावा. बारा-तेरा मीटरवरून कोणीतरी हाताने चेंडू टाकावेत, न सांगता, कधी पुढे कधी आखूड. फलंदाजाने फटका मारायचाच नाही. चेंडू हातून सुटला की टप्पा पडण्याआधी ‘पुढे’ किंवा ‘मागे’ एवढंच ओरडायचं आणि पाय तिकडे न्यायचा. वीसात सतरा-अठरा बरोबर आले की मग बॅट. त्यानंतर फेकणाऱ्याने तिसरी जात मिसळावी, ऑफच्या बाहेरचा सोडायचा चेंडू. इथे हौशी फलंदाजांचे वांधे होतात. बॅट उगाचच पुढे जाते, आणि फेकणारा दादा मालवणी असेल तर लगेच ऐकवतो, “आडवो पट्टो नको रे, सोड तो!” आचरेकरांनी शिष्यांना नेटइतकेच सामने खेळायला लावले आणि स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून बाद न होण्याची पैज लावली, त्यामागेही हेच होतं. तंत्र हातात आल्यावर निवडीवर काहीतरी पणाला लागलं पाहिजे.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बाहेर काही शक्य नसतं. तेव्हा पडवी. तुळईला सुंभ बांधून जुन्या मोज्यात चेंडू लटकवावा, नडगीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली. नुसत्या वरच्या हाताने मारावा. बॅट सरळ आली तर चेंडू सरळ जाऊन सरळ परत येतो, वाकडी आली तर गोल फिरू लागतो. खोटं बोलत नाही. भिंत असेल तर ब्रॅडमनचा खेळ खेळावा. ऑस्ट्रेलियातल्या बाउरल गावी लहानपणी ते पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू आपटून परत येणारा चेंडू स्टंपने मारत. गोल्फचा चेंडू इथे कुठे मिळणार, पण रबरी चेंडू आणि स्टंप पुरे. मोबाईलवर आपलं चित्रण करायचं तर तेही पडवीतच. फोन पॉइंटच्या जागी, कमरेच्या उंचीवर, चार-पाच मीटर दूर, स्लो मोशन चालू ठेवून. डिस्कमधली ती चार ठिकाणं आणि आपली चार, शेजारी शेजारी. डोक्याचा मार्ग तुलनेला घ्यावा, फटक्याचा शेवट नको. शेवट प्रत्येकाचा वेगळाच असतो.

त्याच दिवसांत सामानही जपावं लागतं. दमट हवेत प्लेअरच्या लेन्सवर बुरशी येते, विलो लाकडाच्या बॅटचा तळ ओल पिऊन फुगतो आणि रबरी ग्रिप चिकट होते. बॅट जमिनीवर उभी करून ठेवू नये, तळाला रबरी टो गार्ड लावावा. डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नाही. व्हीसीडीच्या लेबलच्या बाजूला ओरखडा गेला तर ती संपली, कारण चमकता थर तिथेच वार्निशच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो दोन पातळ प्लास्टिकच्या मध्ये असल्यामुळे थोडा सुरक्षित असतो. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे नक्कल करून ठेवणं. व्हीसीडीतल्या एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल संगणकात उतरवून तिचं शेपूट एमपीजी केलं की बहुतेक प्लेअरवर चालते.

राहिली स्पर्धा. चार-सहा षटकांच्या टेनिसच्या सामन्यात पुढच्या पायाच्या बचावाला कोणी टाळी वाजवत नाही, आणि तिथे तो खेळायचाही नसतो. डिस्कमधलं तिथे कामी येतं ते स्थिर डोकं आणि मोकळा वरचा हात. पुढचा पाय लेगकडे काढून सरळ मारताना डोकं पायाबरोबर लेगला गेलं नाही, तर चेंडू मिडविकेटच्या हाती न जाता गोलंदाजाच्या डोक्यावरून जातो. शेवटच्या षटकात गोलंदाज यॉर्करच टाकणार हे सगळ्या मैदानाला माहीत असतं. क्रीजमध्ये फूटभर मागे, स्टंपच्या जवळ उभं राहिलं की तोच यॉर्कर हाफ व्हॉली होतो. बॅट मागे नेताना स्टंपला लागणार नाही एवढं अंतर मात्र आधी मोजून ठेवावं. मागे उभं राहून हाच चेंडू फेकणाऱ्याकडून पंचवीसेक वेळा टाकून घ्यावा, आणि त्यात चार-पाच आखूड न सांगता मिसळायला लावावेत. एरवी सगळे पुढे गृहीत धरून बॅट खाली आलेली असते आणि तो आखूड चेंडू गळ्याशी येतो.